ओझोन नक्की चांगला की वाईट? (आणि शाळेतल्या प्रदूषणाच्या धड्याबद्दल आणखी काही)

चौकस_आई

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे. परवा प्रदूषणाच्या धड्यातला तक्ता पाठ करत बसला होता. प्रदूषक, स्रोत, परिणाम. सल्फर डायऑक्साइड, कोळसा, डोळ्यांची जळजळ. कार्बन मोनॉक्साइड, वाहने, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. असं एका सुरात चाललेलं असताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "आई, मागे एका धड्यात ओझोन आपलं रक्षण करतो असं होतं. इथे तो प्रदूषकांच्या यादीत आहे. छपाईची चूक आहे का?"

मी ठोकून दिलं, वरचा चांगला, खालचा वाईट. माझं रसायनशास्त्र दहावीलाच सुटलं, हे वाक्य कुठेतरी वाचलेलं तेवढं आठवत होतं.

त्यावर तो: "मग खालचा वर का नाही पाठवत?"

मी गप्प. तर दोन प्रश्न आहेत. एक, याचं उत्तर काय? दुसरा, हा तक्ता पाठ करण्यापलीकडे या धड्यात खरंच काही रसायनशास्त्र आहे का, की नुसतीच नावं आहेत?

खडूफळा

चौकसताई, तुमच्या वाक्यात एक गोची आहे. त्याने असं वाटतं की ओझोन दोन आहेत, एक साधू आणि एक चोर. रेणू एकच आहे, ऑक्सिजनचे तीन अणू. तो कुठेही भेटला तरी दोन गोष्टी करतो: अतिनील किरण शोषतो आणि समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करतो. २०-२५ किलोमीटर उंचीवर त्याच्यासमोर किरण असतात, फुप्फुसं नसतात. जमिनीलगत फुप्फुसं असतात, पानं असतात, रबर असतं.

आता वर का पाठवत नाही? एक तर तो तेवढा टिकत नाही. खालच्या हवेत ओझोन काही दिवस, फार तर काही आठवडे जगतो. खालची हवा वरच्या थरात मिसळायला मात्र वर्षं लागतात, कारण तिथे उंचीबरोबर हवा गार होण्याऐवजी गरम होत जाते आणि झाकण बसल्यासारखं होतं. निघालेला ओझोन वाटेतच संपेल. आणि समजा पंपाने नेला, तरी वर ओझोन कमी पडतो तो पुरवठा नाही म्हणून नव्हे, तिथे तो तोडणारा क्लोरीन आपण पाठवलाय म्हणून. गळकी बादली भरत बसण्यात अर्थ नाही.

अवांतर: डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंशाला आणून पसरला तर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल. मुलाला पट्टीवर दाखवा.

खडूफळा

वरचं घाईत लिहिलं. खरी गंमत राहिलीच: तो खाली तयार कसा होतो?

वर जोरकस अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो, ओझोन तयार. ते किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत (वरच गाळले जातात, ते काम ऑक्सिजन आणि ओझोनचं). मग इथे सुटा अणू आणायचा कुठून? तो नायट्रोजन डायऑक्साइडकडून येतो. हा तपकिरी वायू साध्या सूर्यप्रकाशातल्या जांभळ्या टोकाच्या आणि त्यालगतच्या अतिनील किरणांनी फुटतो. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा एक अणू. पुढची गोष्ट तीच.

म्हणून तक्त्यात ओझोनसमोर ‘स्रोत: वाहने’ असं लिहिलं असेल तर ते अर्धंच खरं आहे. गाडीच्या नळीतून ओझोन येत नाही. नळीतून कच्चा माल येतो, कारखाना आकाशात चालतो आणि त्याला ऊन लागतं. म्हणून जमिनीलगतचा ओझोन दुपारी चढतो आणि रात्री उतरतो.

निळी_ज्योत

वाचनखूण साठवली. खडूफळा सर, एक भर घालतो. तो नायट्रिक ऑक्साइड कुठून आला, हे मुलांना विचारून बघा. दहातली नऊ म्हणतील पेट्रोलमधून. पेट्रोलमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतोच! तो हवेतलाच, ७८ टक्के असलेला, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू. त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला फार ऊर्जा लागते, म्हणून तो स्वस्थ. पण इंजिनाच्या आतल्या तापमानाला हवेतला नायट्रोजन आणि हवेतलाच ऑक्सिजन एकमेकांना धरतात. वीज चमकते तेव्हाही हेच होतं. अगदी शुद्ध हायड्रोजन जरी हवेत जाळला, तरी ज्योत पुरेशी तापली की नायट्रोजनची ऑक्साइडं होणारच. इंधन कितीही ‘स्वच्छ’ असो.

रोखठोक

चर्चा रोचक आहे पण एक विचारतो. नववीच्या पोराला हा धडा परीक्षेत किती गुणांना असतो? त्याला तक्ता लिहायचाय. तुम्ही त्याला तिहेरी बंध, अतिनील आणि झाकणं सांगताय. पाठ करू दे की. समजणं पुढे होत राहील.

चौकस_आई

रोखठोक, तुमचं म्हणणं मला पटलं असतं, पण पाठ होत नाहीये हीच तर अडचण आहे. सल्फरचा परिणाम नायट्रोजनला आणि शिशाचा पाऱ्याला असं सगळं गोळा होतंय.

खडूफळा

कारण तक्त्यात आडव्या ओळी आहेत आणि रसायन उभं चालतं. मी वर्गात तक्ता न देता प्रत्येक पदार्थाला तीनच प्रश्न विचारायला लावायचो. कुठून निघाला? वाटेत कोण भेटलं? आता काय झालाय? सल्फर कोळशातून निघतो, सल्फर डायऑक्साइड होतो, धुक्याच्या थेंबात शिरतो, तिथे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल होतं. ही गोष्ट ज्याला सांगता येते त्याला ‘परिणाम’ वेगळा पाठ करावा लागत नाही. श्वासनळीत आम्लाचे थेंब गेल्यावर काय होईल ते पोर स्वतःच सांगतं.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेला नेमकं हेच झालं. कडाक्याची थंडी, घराघरात कोळसा, वारा नाही. वरची हवा उबदार आणि खालची गार, म्हणजे धुराला वर जायला वाटच नाही. आधी मृतांचा अंदाज सुमारे ४,००० होता, पुढच्या अभ्यासांत तो १२,००० पर्यंत गेला. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला.

याउलट लॉस एंजेलिसचं धुरकं. ऊन भरपूर, कोळसा फारसा नाही, गाड्या मात्र मोजता येणार नाहीत इतक्या. डोळे झोंबतात, पानं करपतात, टायरना तडे जातात. लोक गंधकाच्या मागे लागले होते. हागन-स्मिट नावाचा रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या स्वादातली द्रव्यं शोधत होता. तो इकडे वळला आणि १९५० च्या सुमारास त्याने दाखवलं की हा ओझोनचा उद्योग आहे. ओझोन मोजायला त्याने वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या, तडे किती लवकर जातात ते बघायचं.

दोन्हीला मराठीत आपण धुरकंच म्हणतो. एक थंड पहाटेचं, सल्फर डायऑक्साइड आणि काजळीचं. दुसरं तळपत्या दुपारचं, ओझोनचं. पहिल्याचा स्वभाव क्षपणकारी (समोरच्याचा ऑक्सिजन काढून घेणारा), दुसऱ्याचा ऑक्सिडीकारक.

अर्धवट_केमिस्ट

सर, एक शंका. नायट्रिक ऑक्साइड तर ओझोनला खातो ना? दोघे मिळून परत नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. मग जितका झाला तितका संपला. साठतो कसा?

खडूफळा

उत्तम शंका. नुसती नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन असेल तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. तिसरा भिडू लागतो: उडून जाणारी सेंद्रिय द्रव्यं. पेट्रोलची वाफ, रंग, थिनर. हवेत त्यांचं ऑक्सिडीकरण होताना मधल्या टप्प्यात असे तापट तुकडे तयार होतात की ते ओझोनला हात न लावता नायट्रिक ऑक्साइडचा परत डायऑक्साइड करून टाकतात. खाणाऱ्याचं पोट दुसऱ्यानेच भरलं, ओझोन शिल्लक.

तुमच्या शंकेतून एक उलटी गोष्ट निघते. भर वाहतुकीच्या रस्त्यावर ओझोन बऱ्याचदा कमी असतो आणि वाऱ्याच्या दिशेला शहराबाहेर जास्त. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, नायट्रोजन डायऑक्साइड घसरला, आणि अनेक शहरांत ओझोन उलट वाढला.

हिरवाई

म्हणूनच झाडं लावा म्हणतात. झाडं सगळं शोषून घेतात.

अर्धवट_केमिस्ट

झाडं लावाच, पण ‘सगळं’ नाही. कित्येक झाडं स्वतःच आयसोप्रीन सोडतात. ते सरांच्या तिसऱ्या भिडूच्याच जातीचं. गाड्यांचा नायट्रोजन डायऑक्साइड आसपास असेल तर तेही ओझोनला हातभार लावतं. झाडांचा दोष नाही, संगतीचा आहे.

निळी_ज्योत

तक्त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडबद्दल लिहितो. ‘क्षमता घटते’ या थंड शब्दांमागे एक साधा भागाकार आहे. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा साधारण २०० ते २५० पट घट्ट धरतो. २२० धरू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. ऑक्सिजनशी बरोबरी करायला त्याच्या २२० पट कमी वायू पुरतो, म्हणून २१ भागिले २२०, उत्तर साधारण ०.१ टक्का. म्हणजे हवेत हजारात फक्त एक भाग कार्बन मोनॉक्साइड असेल आणि माणूस त्यात पुरेसा वेळ राहिला, तर निम्मं हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात. त्या पातळीला जीव जाऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही.

आणि तो होतो कधी, तर ऑक्सिजन अपुरा पडला की. कार्बनला दोन अणू हवे होते, एकच मिळाला. शेगडीची ज्योत निळ्याऐवजी पिवळी, काजळी धरणारी दिसू लागली की हवा कमी पडतेय असं समजावं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचे अपघात होतात ते यामुळेच. माझ्या मते या धड्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हे असायला हवं, आणि तेच नेमकं नसतं.

नळकोंडाळं

हवेवरच चाललंय सगळं, पाण्याचंही बोला. मी घरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणलाय. पन्नासच्या खाली आकडा आला की पाणी शुद्ध. मुलांना हेच शिकवा, सोपं आहे.

गाळणी

नळकोंडाळं, राग मानू नका, पण इथे थांबवतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बरीच वर्षं काढली आहेत.

तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढं मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज छापतो. बस. वीज वाहते आयनांमुळे, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांमुळे. जंतू त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. तुमच्या मीटरचा शेवटचा आकडा १ मिलिग्रॅमचा. मर्यादेच्या दसपट आर्सेनिक असलं तरी आकडा हलणार नाही. उलट निव्वळ खनिजांमुळे चारशे आकडा दाखवणारं विहिरीचं पाणी उत्तम असू शकतं.

आता मुलासाठी मजेची गोष्ट. भांडंभर पाण्यात चमचाभर ग्लुकोज विरघळवा आणि मीटर घाला. आकडा जवळपास तोच राहील, कारण ग्लुकोजचे आयन होत नाहीत. आणि आमच्या धंद्यात ग्लुकोज हा जबर प्रदूषक आहे!

रोखठोक

ग्लुकोज प्रदूषक? सलाइनमध्ये देतात ते?

गाळणी

तेच. हिशेब करू, नववीला जमतो. ग्लुकोजच्या एका रेणूला पूर्ण ऑक्सिडीकरणासाठी ऑक्सिजनचे सहा रेणू लागतात. वजनात १८० ग्रॅमला १९२ ग्रॅम. म्हणजे १ ग्रॅम ग्लुकोजला सुमारे १.०७ ग्रॅम ऑक्सिजन. आता २० अंश तापमानाच्या पाण्यात विरघळून विरघळून किती ऑक्सिजन मावतो? लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम. १०७० ला ९ ने भागा. ११८ च्या आसपास येतं.

एक ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पडलं, जिवाणूंनी ते खाल्लं, आणि हवेतून नवा ऑक्सिजन आला नाही, तर ११८ लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपला. ग्लुकोजने एकाही माशाला विष घातलं नाही. मासे गुदमरून मेले.

मैलापाणी नदीत सोडलं की हेच होतं. त्यातला सेंद्रिय माल म्हणजे जिवाणूंची मेजवानी. ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ हे अवजड नाव मुलं घाबरून पाठ करतात, त्याचा अर्थ एवढाच: हे पाणी पचवायला जिवाणू किती ऑक्सिजन मागतील? मोजतातही तसंच. पाणी प्रमाणात पातळ करून बाटलीत काठोकाठ भरायचं, २० अंशांना पाच दिवस अंधारात ठेवायचं, आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन वजा करायचा. चांगल्या नदीत ही मागणी लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम, घरगुती मैलापाण्यात दोनशेच्या घरात.

त्यात उन्हाळ्याची भर. ३० अंशांना पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच मावतो. मासे गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात जास्त ऑक्सिजन मागतात, जिवाणूही जास्त खातात, आणि साठा कमी. शेवाळाने गच्च भरलेल्या तळ्यात मासे बहुतेक पहाटे मरतात, कारण रात्रभर शेवाळही श्वासच घेत असतं.

नळकोंडाळं

हं. मीटर कपाटात ठेवतो. राग नाही. पण मग शेवाळ माजतं कशामुळे? तेही मैलापाण्यानेच?

गाळणी

मैलापाणी, खतं, पूर्वीचे फॉस्फेटवाले डिटर्जंट. कॅनडात एका तळ्याचा प्रयोग फार सुंदर आहे. १९७३ साली तळ्याच्या मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्यात तेच, अधिक फॉस्फरस. वरून काढलेल्या फोटोत पडद्याची रेघ दिसते, एकीकडे गडद निळं पाणी आणि दुसरीकडे हिरवागार. मुलाला तो फोटो शोधून दाखवा, धड्याच्या अर्ध्या पानाचं काम होतं. नायट्रोजन आणि कार्बन काही जीव हवेतून मिळवू शकतात. फॉस्फरस हवेत वायुरूपात जवळपास नसतोच, त्यामुळे त्याची टंचाई हाच लगाम असतो.

अर्धवट_केमिस्ट

थोडं एककांवर. हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएम (दशलक्षात ४२० भाग) आहे म्हणजे लिटरभर हवेत ४२० मिलिग्रॅम, बरोबर?

निळी_ज्योत

नाव सार्थ केलंत ;-) पाण्यात पीपीएम म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटर, कारण लिटरभर पाण्याचं वजन एक किलो. लिटरभर हवेचं वजनच १.२ ग्रॅम. हवेत पीपीएम आकारमानाने मोजतात. लिटरमध्ये ०.४२ मिलिलिटर, वजन पाऊण मिलिग्रॅम. तुमचा आकडा साडेपाचशे पटीने चुकला.

अर्धवट_केमिस्ट

_/\_ दंडवत. पण परीक्षेत हेच चुकतं सगळ्यांचं, सांगून ठेवतो.

पावसाळी

आम्लवर्षेबद्दल कुणीच बोललं नाही. मुलांचा ठाम समज असतो की चांगल्या पावसाचा पीएच ७. स्वच्छ हवेतला पाऊसही ५.६ च्या आसपास असतो, कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बनिक आम्ल होतं म्हणून. आम्लवर्षा त्याच्याही खाली. आणि ५.६ वरून ४.६ म्हणजे ‘एकने कमी’ नव्हे, आम्लता दसपट.

मँचेस्टर भागातल्या पावसाची आम्लता आणि कोळशाचा धूर यांचा संबंध रॉबर्ट अँगस स्मिथने १८५२ मध्येच मांडला होता. लोकांनी मनावर घ्यायला पुढची शंभर वर्षं गेली.

मला यातला सर्वांत आवडता भाग वेगळाच आहे. एकाच ढगाखालची दोन तळी. एकाचा तळ चुनखडीचा, दुसऱ्याचा ग्रॅनाइटचा. पाऊस तोच. चुनखडीच्या तळ्याला वर्षानुवर्षं काही होत नाही, कारण आम्ल आलं की कार्बोनेट त्याला उरकून टाकतं. ग्रॅनाइटच्या तळ्याकडे उरकणारं कुणी नाही. तिथे आसपासच्या मातीतलं ॲल्युमिनियम आम्लाने सुटं होऊन पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. पाणी काचेसारखं नितळ दिसतं, आत काही जिवंत नसतं.

संगमरवर म्हणजे तीच चुनखडी. इमारतीवर हाच प्रकार होतो तेव्हा आपण नुकसान म्हणतो आणि तळ्यात होतो तेव्हा बचाव.

जुनी_वही

ताजमहाल पिवळा पडतो तो आम्लवर्षेने, असं आम्हाला शिकवलं होतं.

पावसाळी

आम्लाने संगमरवराचं जिप्सम होतं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि झिजतो, हे खरं. पिवळट-तपकिरी रंगासाठी मात्र संशोधकांना त्यावर बसलेली धूळ आणि जळणातून येणारे काळे-तपकिरी कार्बनचे कण जबाबदार आढळले. म्हणजे ती दोन वेगळी दुखणी आहेत.

खडूफळा

कणांचा विषय निघाला म्हणून. पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण) म्हणजे बारीक धूळ, असं मुलं लिहितात. त्यातला बराच भाग कुठूनही उडालेला नसतो, तो हवेतच जन्मतो. प्रयोगशाळेत अमोनियाची आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उघडून शेजारी धरली की पांढरा धूर निघतो, हा प्रयोग सगळ्यांनी बघितलेला असतो. दोन न दिसणारे वायू, आणि त्यातून दिसणारे घन कण. आकाशात हाच प्रयोग खतांतून आणि शेणातून सुटलेला अमोनिया आणि नायट्रोजन डायऑक्साइडपासून झालेलं नायट्रिक आम्ल मिळून करतात. अमोनियम नायट्रेटचे कण. म्हणून नुसते रस्ते झाडून आणि पाणी मारून हा आकडा हवा तेवढा उतरत नाही.

जुनी_वही

अवांतर: शिसं तक्त्यात आहे म्हणून एक किस्सा. १९२१ साली थॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग घातलं की इंजिनाची ठकठक थांबते हे शोधलं. काही वर्षांनी याच गृहस्थाने फ्रिजसाठी बिनविषारी, न पेटणारं द्रव्य शोधलं, ते क्लोरोफ्लुरोकार्बन. एका माणसाच्या नावावर खालची हवा आणि वरचा ओझोन, दोन्ही. या दुसऱ्या द्रव्याच्या बाबतीत तर ते कशाशीच अभिक्रिया करत नाही हाच गुण होता. कुणाशी भांडत नाही म्हणून वाटेत संपत नाही, सरळ वर पोचतं, तिथे अतिनील किरणांनी क्लोरीन सुटतो. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९७४ ला सांगितलं, अशी द्रव्यं आवरण्याचा मॉन्ट्रियल करार १९८७ ला झाला.

शिसं पेट्रोलमधून जायला सुरुवात झाली त्यामागे माणसांच्या आरोग्याइतकाच उत्प्रेरकाचा हात होता. गाडीच्या नळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा उत्प्रेरक बसवायचा ठरला आणि शिशाचा थर बसला की तो निकामी व्हायचा. गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल बंद करणारा शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

रोखठोक

मान्य, मी हरलो. पारा राहिलाय, तोही कुणीतरी उरका.

गाळणी

पारा उरकण्यासारखा नाही, पण थोडक्यात लिहितो. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत एका कारखान्याचं पाणी जायचं. ॲसिटाल्डिहाइड बनवताना उत्प्रेरक म्हणून पारा वापरत आणि त्या प्रक्रियेत मिथिल पारा तयार होई. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याआधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मरत होती. मुद्दा असा की पाण्यात त्याचं प्रमाण अगदी नगण्य. पण तो शरीरातून सहज बाहेर पडत नाही. प्लवकाने (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी) खाल्लं, छोट्या माशाने अनेक प्लवक खाल्ले, मोठ्याने अनेक छोटे, आणि मांजराने मोठा. प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. आणि नुसतं ‘पारा’ लिहून भागत नाही. कार्बन जोडलेला मिथिल पारा मेंदूपर्यंत पोचतो, हा त्याचा घात. क्रोमियमचंही तसंच: तीन संयुजेचं बऱ्यापैकी निरुपद्रवी, सहा संयुजेचं कर्करोगकारक. नाव एकच.

बरं, चौकसताई, मुलाला हाताने करायला काही देऊ का? तीन काचेच्या बाटल्या, तळ्याचं किंवा ओढ्याचं पाणी, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचे थोडे थेंब, फिका निळा रंग येईल इतकेच. पहिली: नुसतं पाणी, काठोकाठ. दुसरी: तेच पाणी, चिमूटभर ग्लुकोज, काठोकाठ. तिसरी: दुसरीसारखीच पण निम्मी रिकामी. बुचं लावून कपाटात अंधारात. ऑक्सिजन असेतोवर रंग निळा, संपला की रंग जातो. हात धुवा, तोंडाला लावू नका, उघडताना तोंड लांब.

चौकस_आई

आठवड्याने येतेय. पहिली बाटली सहाव्या दिवशीही निळी आहे, किंचित फिकट. दुसरी तिसऱ्या दिवशी पांढरी. तिसरीही पांढरी, पण वर पाणी हवेला टेकतं तिथे बारीक निळी रेघ होती. त्याने तिसरी खदखदा हलवली, सगळी निळी झाली, थोड्या वेळाने परत पांढरी. मग दुसरी हलवली. काहीच नाही. दोनदा, तीनदा. मी म्हटलं बिघडली असेल. तो म्हणाला, "आई, हलवून ऑक्सिजन येत नाही, बाटलीत हवा असली तर येतो." आणि मग: नदी कोण हलवतं?

गाळणी

खडक हलवतात, धबधबे हलवतात. आणि ते पुरत नाही तेव्हा आम्ही. आमच्या केंद्रातल्या मोठ्या टाकीत रात्रंदिवस हवेचे बुडबुडे सोडतात. विजेचं निम्म्याच्या आसपास बिल त्याचंच असतं. जिवाणूंना जेवण नदीत न देता टाकीत द्यायचं आणि ऑक्सिजन आपण पुरवायचा, एवढाच आमचा धंदा.

चौकस_आई

त्याने काल दुसरी बाटली उघडली, निम्मी ओतून टाकली, बूच लावून हलवली. निळी झाली. पण काय वास! सडक्या अंड्यांचा. सगळ्या घराने नाकं दाबली. हा वास कुठून आला, आपण तर ग्लुकोज घातलं होतं?

गाळणी

ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू उपाशी बसत नाहीत. आधी नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात, तो संपला की सल्फेटमधला. सल्फेटचा ऑक्सिजन गेला की उरतो हायड्रोजन सल्फाइड. तळ्याच्या पाण्यात सल्फेट थोडं असतंच. गटाराचा वास तोच.

चौकस_आई

बाटली गॅलरीत ठेवली आहे. आता विचारतोय, सल्फेटही संपल्यावर काय?

गाळणी

मिथेन. पण ती बाटली आता फेका.